बंद पडलेल्या गोष्टी

घरात चौदा-पंधरा वर्षांचं मूल असलेल्या कुठल्याही आईबापांना छेडून बघा, तक्रारींची यादी तोंडपाठ असते. सदानकदा खोलीचं दार लावून बसतो. काही विचारलं तर ‘हं’, नाहीतर ‘माहीत नाही’. हातातला मोबाइल सुटत नाही. केसांचा अवतार बघवत नाही. रात्री दोन वाजेपर्यंत टक्क जागी, आणि सकाळी हाका मारून आपला घसा बसला तरी बाईसाहेब ढिम्म. शब्दाला शब्द लावते. परवापरवापर्यंत गळ्यात पडत होता, आता खांद्यावर हात ठेवला तर अंग चोरतो.

ही यादी इतक्या जणांकडून ऐकली आहे की तिच्यातली एक गोष्ट मला आता लगेच टोचते. यादीतलं सगळं नव्याने सुरू झालेलं असतं. काय बंद पडलं, ते तिच्यात कधीच नसतं. मुलगी दोन महिन्यांत एकदाही गुणगुणली नाही, अशी तक्रार घेऊन कुणी येत नाही. मुलगा धाकट्या बहिणीच्या खोड्या काढायचा थांबला तर घरच्यांना हायसंच वाटतं. बंद पडलेल्या गोष्टींचा आवाज होत नाही, पसारा होत नाही, त्यांच्यावरून भांडणं होत नाहीत. आणि या अडनिड्या वयातल्या मनाच्या दुखण्याचा माग काढायचा असेल तर मला वाटतं तिथेच आधी बघायला हवं.

मी डॉक्टर नाही, समुपदेशक नाही. एका मुलाची मावशी आहे. भाचा पंधरा वर्षांचा असताना आजारी पडला, त्या निमित्ताने जे वाचलं, डॉक्टरांना जे विचारून विचारून भंडावलं, त्यातून हे लिहिते आहे. भाच्याला विचारून लिहिते आहे. ‘नाव घालू नकोस आणि रडगाणं करू नकोस’ अशा त्याच्या दोन अटी आहेत.

आधी त्या नव्याने सुरू होणाऱ्या गोष्टींविषयी, कारण त्यातल्या बऱ्याचशा निरोगीच असतात. बंद दाराचंच घ्या. डेव्हिड एल्काइंड या मानसशास्त्रज्ञाने १९६७ साली ‘काल्पनिक प्रेक्षक’ अशी एक कल्पना मांडली. या वयात मुलांना सतत वाटत असतं की सगळ्यांचं लक्ष आपल्याकडेच आहे. कपाळावर एक पुटकुळी आली तर अख्ख्या वर्गाने ती पाहिली आणि आता दिवसभर तिचीच चर्चा चालणार, याबद्दल मुलीच्या मनात तिळमात्र शंका नसते. आपण तिला ‘कुणी बघत नाही गं’ म्हणून समजावतो, तेव्हा तिला वाटतं, हिला काही कळतच नाही. दिवसाचे आठ-दहा तास अशा प्रेक्षकांसमोर काढल्यावर जिथे कुणीच बघत नाही अशी एकच जागा उरते, ती म्हणजे दार लावलेली खोली. मला तर दार लावून घेणाऱ्या मुलांपेक्षा दार लावायला खोलीच नसलेल्या मुलांची जास्त काळजी वाटते.

मित्रांपायी वाहवत जाण्याचंही तसंच. मार्गो गार्डनर आणि लॉरेन्स स्टाइनबर्ग या दोघांनी २००५ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. वेगवेगळ्या वयाच्या लोकांना गाडी चालवायचा व्हिडिओ गेम दिला. सिग्नल पिवळा होतो, थांबायचं की दामटायची, ते खेळणाऱ्याने ठरवायचं. एकट्याने खेळताना पोरं आणि मोठी माणसं यांच्यात फारसा फरक पडला नाही. मात्र सोबत समवयस्क बसवल्याबरोबर किशोरवयीन मुलं धोका पत्करू लागली. मोठ्यांवर सोबतीचा तसा परिणाम झाला नाही. ‘एकटा असला की किती शहाण्यासारखा वागतो हो,’ असं आई म्हणते तेव्हा ती लेकाची बाजू घेत असते असं नाही. बऱ्याचदा ते अगदी खरं असतं.

यामागे मेंदू आहे, हे आता बहुतेकांनी कुठे ना कुठे वाचलेलं असतं. मेंदू-संशोधक जे गीड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तीच ती मुलं वर्षानुवर्षं पुन्हापुन्हा एमआरआय यंत्रात तपासली आणि १९९९ साली दाखवून दिलं की मेंदूची जडणघडण बालपणात संपत नाही. पुढच्या भागातला करडा थर वयात येण्याच्या सुमारास सर्वांत जाड असतो आणि मग पातळ होऊ लागतो. वापरात नसलेल्या जोडण्या छाटल्या जातात, वापरातल्या पक्क्या होतात. बेत आखणं, आवरणं, परिणामांचा विचार करणं ही कामं ज्या भागाकडे असतात, तो विशीच्या मध्यापर्यंत घडत राहतो. भावना आणि मौज यांचा कारभार सांभाळणारे भाग मात्र त्याआधीच जोरात असतात. यावरून ‘पोरांचा मेंदूच अर्धवट’ असा सोयीचा निष्कर्ष काढणारे व्हॉट्सअॅपवर भरपूर भेटतात. मला तो पटत नाही. ज्या वयात माणूस इतक्या झपाट्याने शिकतो, त्या वयाच्या मेंदूला अर्धवट म्हणायचं तर पन्नाशीतल्या आमच्या मेंदूंना काय म्हणायचं?

तर चिडचिड, गुप्तता, मित्रांचं वेड, आरशासमोरचा तास, हे सगळं वयाच्या खात्यावर टाकता येतं. पंचाईत अशी की आजारपणही मग त्याच खात्यावर जातं. ‘वयच तसं असतं’ या वाक्याचा इतिहास जुना आहे. मानसशास्त्रज्ञ जी. स्टॅन्ली हॉल यांनी १९०४ साली किशोरवयावर दोन जाडजूड खंड लिहिले आणि हे वय म्हणजे वादळ, ही समजूत रूढ केली. नंतरच्या संशोधकांनी तिला बरीच मुरड घातली. या वयात भांडणं आणि भावनांचे चढउतार वाढतात हे खरं, पण ते प्रत्येकाच्या वाट्याला येतातच असं नाही आणि बहुतेक मुलं फारशी पडझड न होता मोठी होतात. म्हणजे एखादं मूल महिनोन्महिने बुडत चाललं असेल तर ‘वय’ हे त्याचं पुरेसं कारण होऊ शकत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार १० ते १९ वयोगटातल्या दर सात मुलांमागे एकाला कुठला ना कुठला मानसिक आजार असतो. २०२१ साली जगभरातल्या १९२ अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला, त्यात सात लाखांहून अधिक लोकांची माहिती होती. मानसिक आजार झालेल्यांपैकी साधारण एक तृतीयांश लोकांचा आजार चौदाव्या वर्षाच्या आत सुरू झाला होता, आणि जवळजवळ निम्म्यांचा अठराव्याच्या आत. सुरुवात होण्याचं प्रमाण साडेचौदाव्या वर्षाच्या सुमारास सर्वाधिक होतं. हा आकडा वाचला तेव्हा मी पुस्तक मिटून ठेवलं होतं. आपण ज्या वर्षाला हसून ‘शिंगं फुटली’ म्हणतो, नेमकं तेच वर्ष.

आता भाच्याबद्दल.

त्याच्याकडे एक सायकल होती. जुनी घेतलेली, आणि त्यानेच सुटी करून पुन्हा जोडलेली. दर रविवारी सकाळी ती मागच्या जागेत सीट आणि हँडलवर उलटी उभी असायची. शेजारी तेलाची चपटी डबी, पाने, हातपंप, आणि चेन घासायला जुना टूथब्रश. पेडल हाताने फिरवून चाक कुठे डगमगतंय ते तो एक डोळा मिटून बघायचा. स्पोक एकेक करून बोटाने वाजवायचा आणि आवाज बोदा आला की तो कसायचा. मग सायकल घेऊन जायचा तो अंधार पडल्यावरच परतायचा, आणि त्यावरून घरात बोलणी खायचा.

त्या वर्षी मी बऱ्याच महिन्यांनी ताईकडे गेले. घरात नेहमीचे विषय चालू होते : दार, मोबाइल, उलट उत्तरं. मागे कपडे वाळत घालायला गेले तर सायकल भिंतीला टेकवलेली दिसली. दोन्ही चाकं बसलेली. चेनवर तांबूस गंज. मागच्या चाकाच्या स्पोकांमध्ये कोळ्याने नीट, गोल जाळं विणलेलं होतं. म्हणजे ते चाक किती दिवस फिरलं नव्हतं, त्याचा हिशेब कोळ्याकडे होता.

ताईला विचारलं तर ती म्हणाली, “अगं, बरंच झालं. हल्ली भटकत नाही. शाळेतून आला की घरातच असतो.”

तिचं काही चुकत होतं असं मला म्हणायचं नाही. वर्षभर ज्या गोष्टीवरून ओरडलं ती गोष्ट थांबली, तर कुठल्याही आईला सुटल्यासारखंच वाटेल. पण त्या रात्री आम्ही दोघी बसलो आणि एक वेगळीच यादी केली. प्रश्न एकच : शेवटचं कधी? शेवटचं कधी तो मोठ्याने हसला. तो नेहमीचा मित्र शेवटचा घरी कधी आला. ताटात वाढलेलं न सांगता कधी संपवलं. बहिणीला शेवटचं कधी चिडवलं. कशाचा तरी हट्ट कधी धरला. हट्टापाशी ताई अडली. आठवेना. या मुलाने तीन-चार महिन्यांत काहीही मागितलं नव्हतं, आणि घरातल्या सगळ्यांनी त्याला समजूतदारपणा मानलं होतं.

पुढे डॉक्टरांनी सांगितलं त्यात आमच्यासाठी नवं होतं ते हे : मोठ्या माणसांचं नैराश्य ओळखताना ‘उदास’ हा शब्द मध्यभागी असतो. मुलांमध्ये आणि किशोरवयीनांमध्ये उदासीच्या जागी नुसती चिडचिड असली तरी निदानासाठी ती तितकीच ग्राह्य धरतात. रडणारं मूल दिसलं की आपण जवळ घेतो. खेकसणाऱ्या मुलावर आपणही खेकसतो. आजार एकच असू शकतो, पण घरातून मिळणारी वागणूक अगदी उलटी. दुसरं, जे पूर्वी आवडायचं त्यातली गोडी जाणं हे उदासीइतकंच महत्त्वाचं लक्षण. आणि तिसरं म्हणजे मुदत. परीक्षेत आपटी खाल्ली, जिवलग मैत्रीण दुरावली, म्हणून चार दिवस तोंड पाडून बसणं वेगळं. दोन आठवडे किंवा त्याहून अधिक काळ, जवळजवळ रोज, दिवसाचा बराच भाग, आणि तेही घर, शाळा, मित्र अशा सगळीकडे पसरलेलं असेल तर थांबून बघत बसायचं नाही. झोप, भूक, एकाग्रता बिघडलीय का, शाळेला दांड्या पडताहेत का, सारखं पोट किंवा डोकं दुखतंय का, हेही सोबत पाहायचं.

दुसऱ्या दिवशी मी त्याच्याजवळ जाऊन सायकलचं विचारलं. ‘काय झालंय तुला’ असं विचारायचं मुद्दाम टाळलं, कारण त्या प्रश्नाचं ‘काही नाही’ हे उत्तर त्याच्या ओठांवर तयार होतं.

“पंक्चर आहे,” तो म्हणाला.

“मग काढ की. तुला काय, दहा मिनिटांचं काम.”

“काढून काय उपयोग?”

हे चिडून म्हटलेलं असतं तर मी सोडून दिलं असतं. पण तो सपाट आवाजात, माझ्याकडे न बघता बोलला. मी थोडा वेळ थांबले आणि सरळ विचारलं, “पंक्चरचंच असं वाटतं, की जगण्याचंही वाटतं कधी? मरून जावंसं वाटतं का?”

इथे बऱ्याच वाचकांच्या पोटात गोळा येईल हे मला माहीत आहे. असं विचारलं तर नसलेलं खूळ डोक्यात जाईल, ही भीती जवळजवळ प्रत्येकाला असते. ती कुणीतरी तपासूनही पाहिली आहे. न्यूयॉर्क राज्यातल्या सहा शाळांमधल्या २,३४२ विद्यार्थ्यांवर केलेला अभ्यास २००५ साली प्रसिद्ध झाला. निम्म्यांच्या प्रश्नावलीत आत्महत्येच्या विचारांबद्दल थेट प्रश्न होते, निम्म्यांच्या नव्हते. दोन दिवसांनी पाहिलं, तर प्रश्न विचारले गेलेल्या मुलांमध्ये अस्वस्थता किंवा तसे विचार वाढलेले आढळले नाहीत. ज्यांना आधीपासूनच नैराश्य होतं त्यांनाही त्या प्रश्नांनी अपाय झाला नाही.

भाचा म्हणाला, “कधी कधी.”

मग मी ओरडले नाही, रडले नाही, आणि ‘एवढं सगळं दिलंय आईबाबांनी’ हे तर अजिबातच म्हटलं नाही. कधी असं वाटतं, काही करायचं ठरवलं आहेस का, एवढं विचारलं. ‘आईला सांगू नकोस,’ असं तो म्हणाला. तसा शब्द मी दिला नाही. मावशी असण्याचा फायदा असा की मूल आपल्याला असं सांगतं जे आईला सांगणार नाही. पण जिवाचा प्रश्न असेल तिथे गुपित राखायचं वचन द्यायचं नसतं. आईला सांगावंच लागेल, कसं सांगायचं ते तू ठरव, तू समोर बस, जे चुकीचं वाटेल तिथे मला अडव, असं मी म्हटलं. त्याने अडवलंही, दोनदा.

त्या रात्री त्याला एकट्याला ठेवलं नाही. घरातली औषधं आणि स्वतःला इजा करता येईल अशा वस्तू ताईच्या यजमानांनी कुलपात ठेवल्या. दुसऱ्या दिवशी डॉक्टर. मुलाने काही ठरवलेलं आहे असं जाणवलं, किंवा त्याने स्वतःला इजा केली असेल, तर उद्याचीसुद्धा वाट बघायची नाही. तडक रुग्णालय गाठायचं आणि तोवर मुलाजवळून हलायचं नाही. रात्री-अपरात्री कुणाशी बोलावं कळत नसेल तर मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइन असतात, त्या मुलांसाठी असतात तशा घाबरलेल्या आईबापांसाठीही असतात.

डॉक्टरांनी आधी रक्त तपासलं. थायरॉइडचं दुखणं, रक्त कमी असणं, यांनीही माणूस असाच मलूल होऊ शकतो. ते नव्हतं. मग समुपदेशक बाईंकडे भेटी सुरू झाल्या. पहिल्याच भेटीत त्यांनी ताई आणि भाऊजींसमोर भाच्याला सांगितलं, की इथलं बोलणं इथेच राहील. तुझ्या किंवा दुसऱ्या कुणाच्या जिवाला धोका आहे असं वाटलं तरच मी आईबाबांना सांगेन, आणि तेही तुला आधी सांगून. भाऊजींना हे जड गेलं. पैसे आपण भरायचे आणि आत काय बोलणं झालं ते आपल्यालाच कळू नये? दर भेटीनंतर ते गाडीत ‘काय म्हणाल्या मग?’ विचारायचे आणि भाचा खिडकीबाहेर बघायचा. बाईंनीच त्यांना ते बंद करायला लावलं.

नातेवाइकांना मात्र कारण हवं होतं. कुणी काही बोललं का, मार्क कमी पडले का, मुलीचं प्रकरण आहे का, मोबाइलमुळे झालं ना? एक धरता येण्याजोगा अपराधी मिळाला की सगळ्यांनाच बरं वाटतं. बाईंनी असा कुणी दिला नाही. घराण्यात आधी कुणाला असा आजार होता का, झोप कशी होती, शाळेतल्या जुन्या मित्रांचा गट फुटला त्याचं काय, थट्टा होत होती का, यातलं थोडं थोडं. काही गोष्टी कदाचित भाच्यालाही नीट सांगता आल्या नसतील.

उपचारांतला एक भाग मला फार आवडला, कारण तो त्या बंद पडलेल्या गोष्टींपासूनच सुरू होत होता. नैराश्यात माणूस म्हणतो, मन लागलं की करेन. मन लागत नाही म्हणून करत नाही, करत नाही म्हणून आनंदाची एकही संधी येत नाही, म्हणून मन आणखी उतरतं. या पद्धतीत ते चक्र उलट्या बाजूने फिरवतात. मन लागायची वाट न पाहता आधी करायचं, पण इतकं थोडं की नाही म्हणायला जागा उरू नये. भाच्याला पहिल्या आठवड्याचं काम मिळालं ते असं : पुढच्या चाकाचं पंक्चर काढायचं आणि हवा भरायची. चालवायची नाही. दुसऱ्या आठवड्यात चेन पुसायची. ताईला वाटलं, एवढे पैसे घेऊन हे कसले उपचार. पण प्रत्येक कामाआधी आणि नंतर कसं वाटलं त्याला दहापैकी गुण लिहायचे होते, आणि आधीचे दोन नंतर साडेतीन होत होते. साडेतीन म्हणजे काही आनंदीआनंद नव्हे. पण दोनपेक्षा जास्त काही असू शकतं, याचा पुरावा त्याच्याच अक्षरात समोर होता.

काही आठवड्यांनी नैराश्यावरची गोळीही सुरू झाली. तेव्हा घरात जी चर्चा झाली ती सगळ्याच घरांत होत असणार : सवय लागेल, मेंदू मंद होईल, इतक्या लहान वयात कशाला. अमेरिकेत १२ ते १७ वर्षांच्या ४३९ मुलांवर केलेला एक मोठा अभ्यास २००४ साली प्रसिद्ध झाला. बारा आठवड्यांनी, गोळी आणि बोलण्याची उपचारपद्धती दोन्ही मिळालेल्यांपैकी ७१ टक्के मुलांमध्ये स्पष्ट सुधारणा होती. नुसती गोळी घेणाऱ्यांमध्ये ६१ टक्के, नुसत्या बोलण्याने ४३ आणि दिखाऊ, म्हणजे आत औषधच नसलेल्या गोळीने ३५. त्याच वर्षी अमेरिकेच्या औषध नियामकांनी या औषधांवर ठळक इशाराही छापायला लावला : मुलांमध्ये आत्महत्येचे विचार वाढू शकतात, तेव्हा लक्ष ठेवा, विशेषतः सुरुवातीच्या आठवड्यांत. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. म्हणूनच गोळी डॉक्टरांनीच द्यायची, डोस त्यांनीच बदलायचा आणि बरं वाटलं म्हणून परस्पर थांबवायची नाही.

झोपेबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण प्रत्येक घरात भांडण होतं ते याच विषयावर, आणि उपाय मात्र उलटे होतात. वयात येताना शरीराचं घड्याळच पुढे सरकतं. झोपेची चाहूल देणारं मेलाटोनिन रात्री उशिरा पाझरू लागतं. मेरी कार्स्काडन यांनी कित्येक वर्षं या विषयावर काम केलं आहे. दहा वाजता अंथरुणावर पडलेल्या मुलीला खरोखरच झोप येत नसते, आणि सकाळी सहाला तिला हलवून उठवतो तेव्हा तिच्या शरीराच्या हिशेबाने मध्यरात्रच असते. या वयात रोज आठ ते दहा तास झोप लागते असं झोपेच्या अभ्यासकांचं म्हणणं आहे. शाळा आणि शिकवण्या धरून किती मुलांची तेवढी होते ते ज्याने त्याने आपल्या घरात मोजावं. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१४ साली माध्यमिक शाळा साडेआठच्या आधी भरवू नका अशी शिफारस केली, आणि कॅलिफोर्नियाने शाळा उशिरा भरवण्याचा कायदाच केला, तो २०२२ पासून लागू झाला. शाळेची वेळ आपल्या हातात नसते. पण रात्री अकराला पहाटेच्या अभ्यासाचा गजर लावून देणं तरी थांबवता येतं. अपुऱ्या झोपेने चिडलेल्या मुलाला ‘चिडू नकोस’ म्हणण्यापेक्षा त्याला दीड तास जास्त झोपू द्यावं, असं माझं सरळ मत आहे, मग पाठांतर मागे पडलं तरी चालेल.

मोबाइलबद्दल थोडक्यात. मोठमोठ्या पाहण्यांतली माहिती घेऊन एमी ऑर्बेन आणि अँड्र्यू प्रिझबिल्स्की यांनी २०१९ साली हिशेब मांडला, तेव्हा स्क्रीनचा वापर आणि मुलांचं मानसिक स्वास्थ्य यांचा संबंध उलटा पण अगदी क्षीण निघाला. मुलामुलांतल्या फरकापैकी फार तर ०.४ टक्के त्याने उलगडत होता. हा सरासरीचा हिशेब आहे. ज्या मुलीचा फोटो वर्गाच्या ग्रुपवर फिरवून खिदळतात, तिला सरासरी सांगून उपयोग नाही. मी इथेही तोच प्रश्न विचारते. किती तास बघतो, यापेक्षा फोनपायी काय सुटलं? झोप सुटली असेल तर फोन रात्री खोलीबाहेर. मित्र सुटले नसतील, खेळ सुटला नसेल, फोनवर तो मित्रांशीच बोलत असेल, तर मग घरातल्या मोठ्यांनी आधी आपल्या हातातला खाली ठेवावा.

आता पुढची गोष्ट, जिच्याबद्दल फारसं कुणी लिहीत नाही. भाचा सावरला. सरळ रेषेत नाही, मध्ये एकदा चांगलाच घसरला, पण सावरला. गोळी डॉक्टरांनी हळूहळू कमी करत थांबवली. आणि मग पंचाईत सुरू झाली ती ताईची. तो जेवताना गप्प बसला की तिचा घास अडकायचा. त्याने दार लावलं की ती बाहेर घुटमळायची. रात्री पाणी प्यायला उठल्याचं निमित्त करून त्याच्या खोलीत डोकवायची. मित्राशी भांडण झालं म्हणून तो एकदा आदळआपट करत घरी आला, तर तिने थेट समुपदेशक बाईंना फोन लावला. ज्या मुलाने तीन-चार महिने काहीच मागितलं नव्हतं तो आता रागावत होता, मागत होता, नवीन टायरसाठी वाद घालत होता, आणि ती मात्र प्रत्येक आवाजाला दचकत होती.

बाईंनी मग तिलाच वेगळ्या भेटीला बोलावलं. तिने काय लक्ष ठेवायचं आणि काय सोडून द्यायचं, ते कागदावर उतरवलं. लक्ष ठेवायच्या गोष्टी चारच होत्या : झोप, जेवण, शाळा, आणि आवडीचं काही दोन आठवडे सलग बंद आहे का. बाकी सगळं त्याचं त्याला. त्या कागदावर भाच्यालाही एक ओळ लिहायची मुभा होती. त्याने लिहिलं, ‘आजारी वाटलं तर मी सांगेन. नुसता वैतागलो असेन तर वैतागू द्या.’

ताईने कागद कपाटाच्या दाराला आतून चिकटवला आहे. हे तिला रोज जमतंच असं नाही. परवा मला तिचा फोन आला, आवाज खाली आणून म्हणाली, “आल्यापासून तोंड वाकडं आहे गं त्याचं.” मी विचारलं, झोपतोय? हो. जेवला? हो, दोनदा वाढून घेतलं. सायकल? आत्ताच चिखलाने भरवून आणून उभी केलीय, सगळी फरशी घाण केली, आणि पुसायला सांगितलं तर म्हणतो नंतर.

“मग ओरड की त्याला,” मी म्हटलं.